राखेतला तुकडा

“तांबडं ते माझं, राखेचं ते चुलीचं. ध्यानात ठेव, सगुणा. हितं चूक झाली तर रडायला माणूस उरायचं न्हाई.”

आत्याबाईंचा हा आवाज. कुंपणाच्या कडेला उकिडव्या बसलेल्या, पदर कमरेला खोचलेला, हातात खुरपं. त्यांच्या उजव्या हाताला गेरूचं घमेलं, डाव्या हाताला चुलीतल्या राखेची टोपली, आणि मधे मी. लग्न होऊन पाच महिने झाले होते. मार्गशीर्ष लागला होता. गवतावरचं दव अजून उतरलं नव्हतं आणि माझी बोटं गारठून गेली होती.

आमच्या खोऱ्यात सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई घाटाखालच्या. लग्न होऊन वर आल्या तेव्हा त्यांनी माहेरून दोन पुरचुंड्या आणल्या होत्या. एकीत कणगीचे कंद, दुसरीत कळलावीचे. कणगी म्हणजे रताळ्याची गरीब बहीण. बोटासारखी लांबट, अंगावर बारीक केसांसारखी मुळं. उकडून मीठ लावून खाल्ली की पोटाला आधार. आणि कळलावी? श्रावणात कुंपणावर तिची लाल-पिवळी फुलं पेटलेल्या वातींसारखी उभी राहायची, वाटेवरचा माणूस बघत थबकायचा. पण मातीखालचा तिचा कंद विखारी. बोटभर तुकडा पोटात गेला तर धडधाकट गडी आडवा.

आत्याबाईंनी दोन्ही वेल एकाच कुंपणावर चढवले होते. मार्गशीर्षात दोन्ही वाळून एकाच रंगाचे व्हायचे. खाली कुणाचं काय निजलंय, ते उकरल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून आमच्या घरचा नेम असा, की निघेल तो कंद तिथल्या तिथं ओळखायचा. कळलावी निघाली तर गेरूत घोळायची, कणगी निघाली तर राखेत. तांबडे कंद वाळूच्या मडक्यात घालून माळ्यावर ठेवायचे, ज्येष्ठात पुन्हा लावायला. राखेचे टोपलीत, चुलीमागं.

“एवढं विखारी हाय तर ठेवायचं कशाला?” मी विचारलं होतं.

“ते अडलेल्या बाईला इचार जा.”

आत्याबाई चार वाड्यांच्या सुईण. रात्री-अपरात्री गडी कंदील घेऊन दारात उभा राहायचा आणि धुरपदाबाई आहेत का म्हणून हाक द्यायचा. बाई अडली की आत्याबाई तिच्या कमरेला कळलावीचा कंद दोऱ्यानं बांधायच्या, आणि मूल बाहेर आलं की दुसऱ्या श्वासाला तो दोरा तोडायच्या. एक पळ जास्त राहिला तर बाईचा जीवही मुलामागोमाग ओढला जातो, असं त्या म्हणायच्या. खरं-खोटं देव जाणे. पण मूल रडायच्या आधी त्यांचा विळा दोऱ्याला लागलेला असायचा, हे मी पुढं डोळ्यांनी पाहिलं.

“मोडलेला तुकडा असंल तर माझ्या हातात द्यायचा,” त्या दिवशी त्यांनी पुढं बजावलं. “फेकायचा न्हाई, पुरायचा न्हाई, ठेवायचा तर न्हाईच. म्या माझ्या हातानं जाळते. कळलं?”

“कळलं.”

“काय कळलं?”

“तांबडं ते तुमचं, राखेचं ते चुलीचं. आणि मोडलेलं तुमच्या हातात.”

“हां. कान हायेत म्हणायचे.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

*

घरात हसायचं ते मंजुळाअक्काजवळ. माझ्या थोरल्या जाऊबाई. तिला सातवा चालू होता. सहा वर्षांनी पोटात काही राहिलं होतं, त्यामुळं सगळं घर तिच्याभोवती पाय वाजू न देता फिरायचं. पण ती स्वतः मोठ्यानं हसायची. मी आले त्या आठवड्यात माझ्या ताटातली भाकरी करपलेली दिसली, तर तिनं गुपचूप ताटं बदलली होती. तेवढ्यावर मी तिची झाले.

अंगणात आमचे गुलछडीचे पाच वाफे होते. तिसऱ्या वर्षी वाफे दाटतात, फुलं बारीक येतात, मग गड्डे उकरून, सोडवून, सावलीत वाळवून चैत्रात नव्यानं लावायचे. ते काम आम्हा दोघींकडं होतं. अक्काला वाकायचं नव्हतं, म्हणून मी उकरायची आणि ती पडवीत पाय पसरून बसून गड्डे सोडवायची. आईला लेकुरं चिकटावीत तसे लहान कंद मोठ्या कंदाला चिकटलेले. ती ते एकेक हळूच पिळून वेगळे करायची आणि गुणगुणायची.

“कंद गं मातीमधी निजला झाकून डोळा,
माय हालवी तयाला, ऊठ आला पावसाळा.”

“अक्का, तुमी कंदाला गाता का पोटातल्याला?”

“दोघंबी आंधारातच हायेत की गं. ऐकंल तो ऐकंल.” मग माझ्याकडं एक गड्डा फेकून म्हणायची, “हा तुझा वाटा. पुढल्या साली तुझं पोट असं पुढं आलं की मी उकरीन, तू बस.”

“आणि डोहाळे कसले लागलेत तुमाला?”

“सांगू? कणगीचे. मातीतलं काहीतरी खावं वाटतं बघ. आत्याबाई म्हणल्या, डोहाळजेवणाला पातेलंभर उकडते. मी म्हणलं, तोवर एक तरी द्या. म्हणतात कशा, पहिली कणगी झोपाळ्यावर बसूनच खायची. सासू हाय का सावकार!”

आणि तिनं तोंडावर हात दाबून हसू आवरलं, कारण आत्याबाई परड्यातून येत होत्या.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाईंना कुणीतरी नाडी बघायला बोलावलं आणि मी कुंपणापाशी एकटी राहिले. थोडंच उरलं होतं. अक्काची ओवी माझ्या तोंडात होती. हाताला लय लागली होती, आणि त्या लयीत खुरपं खोल गेलं.

कट्‌ असा आवाज झाला. काकडी मोडल्यासारखा.

माती सारली. कळलावीचा कंद नांगरासारखा दोन फाट्यांचा असतो आणि दर फाट्याच्या टोकाला एकच डोळा. तिथूनच काय तो कोंब येतो. टोक मोडलं की फाटा मेला. हा कंद सगळ्यांत मोठा होता, आत्याबाई ज्याला थोरला म्हणायच्या, माहेरून आणलेल्या कंदाची शेवटची जिवंत खूण. त्याचं एक टोक बोटभर तुटून माझ्या तळहातावर पडलं होतं. आतून पांढरं, गुळगुळीत, ओलं.

मी काय करायला हवं होतं ते मला पाठ होतं. मोडलेलं तुमच्या हातात. तुकडा धरून बसायचं, त्या आल्या की द्यायचा, शिव्या खायच्या, संपलं. पण पाच महिन्यांची सून. आदल्याच आठवड्यात दह्याचं मडकं माझ्या हातून फुटलं होतं आणि आत्याबाई तीन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मी मोठा कंद गेरूत घोळला. मोडलेल्या जागेवर गेरूचा लगदा जास्त थापला आणि तो बाकीच्या तांबड्यांच्या खाली सरकवला. तुकडा मुठीत. ओढ्यात टाकावा म्हणून उठले.

“झालं का गं?”

त्या कुंपणाच्या पल्याडच होत्या.

मी खाली बसले. मूठ कुठं न्यावी कळेना. समोर राखेची टोपली होती. कणगी घोळल्यासारखा हात राखेत घातला आणि बोटं उघडली. हात बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत करडा झाला होता.

“किती राहिल्या?”

“झाल्या की. ह्याच शेवटच्या.”

आत्याबाईंनी टोपली उचलून डोक्यावर घेतली, घमेलं मला दिलं. त्यांच्या मागून चालताना माझी नजर टोपलीवरून ढळत नव्हती. मनात म्हणत होते, सांजेला चुलीमागं जाईन, हात घालून काढीन, कुणाला कळायचं नाही.

सांजेला मला कावळा शिवला.

आता हे नव्या पोरींना सांगावं लागतं. त्या काळी आमच्याकडं बाहेर बसलेली बाई चार दिवस गोठ्यालगतच्या छपरीत राहायची. भाकरी लांबून सरकवायचे. चूल, पाण्याचे हंडे, दाणागोटा, कशालाही सावली पडू द्यायची नाही. मी छपरीत गोणपाटावर बसून होते आणि वीस पावलांवर, चुलीमागं, राखेच्या टोपलीत माझं पाप कणग्यांच्या गर्दीत निजलं होतं.

चार दिवस. दर वेळी भाकरी घेऊन अक्काच यायची, आत्याबाई नको म्हणत असतानाही.

“अक्का, घरात कणग्या उकडल्या का हो?”

“छे! सोमवारी माझं जेवण, तोवर टोपलीला हात लावायचा न्हाई, असा हुकूम हाय. का, तुलाबी डोहाळे लागले का काय?”

ती हसली. मला हसता येईना. ती वाकून माझ्याकडं बघत राहिली. “बरं न्हाई का तुला?”

मी त्या वेळी सांगायला हवं होतं. ओठ उघडलेही. पण मग दिसलं, माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडात कसं वाजेल. सहा वर्षांनी थोरलीला दिवस गेलेत, तिला कणगीचे डोहाळे लागलेत, आणि धाकटीनं कणगीत कळलावी लपवली. याला चूक कोण म्हणेल? माझे यजमान कामाला लांब, महिन्यातून एकदा घरी. माहेरी माझ्या पाठीवर अजून दोन बहिणी लग्नाच्या. मी ओठ मिटले.

*

पाचव्या दिवशी न्हाले आणि केस ओले असतानाच चुलीमागं गेले. टोपली होती. हात घातला. एकेक कणगी काढायची, बोटानं राख पुसायची, केस लागतात का बघायचं, बाजूला ठेवायची. बऱ्याच कणग्या मोडलेल्या, काही घासून गुळगुळीत झालेल्या. राखेत सगळ्या एकाच घरच्या दिसत होत्या. दोनदा वाटलं हाच, आणि दोनदा उलटून पाहिला तर कणगीच. तळ लागला. तुकडा नव्हता. किंवा होता आणि मला ओळखू येत नव्हता. हे दुसरं जास्त वाईट होतं.

“काय हुडकतीस?”

आत्याबाई दारात. कधीपासून, देव जाणे.

“काय न्हाई. मुंग्या लागल्यात का बघते.”

“लागल्यात?”

“न्हाई.”

त्या आत आल्या. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, कंबर धरली असावी तशा. बराच वेळ माझ्या राखेनं माखलेल्या हातांकडं बघत होत्या.

“सगुणा, तोंडात काय अडकलंय का तुझ्या?”

“न्हाई आत्याबाई.”

“बघ. आत्ता मी हाय, तू हाय. उद्या घर माणसांनी भरंल.”

“काय सुदिक न्हाई.”

त्यांनी टोपली उचलली आणि आपल्या अंथरुणाच्या उशाशी नेऊन ठेवली. त्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. ठरवलं, पहाटे कोंबडं आरवायच्या आत टोपली शेणखईत उपडी करायची, काय व्हायचं ते होवो. पहाटे उठले तर चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं आणि आत्याबाई फुंकणीनं जाळ फुलवत होत्या.

“सगळ्या शिजवल्या?” माझा आवाज मलाच परका वाटला.

“सगळ्या,” त्या जाळाकडं बघत म्हणाल्या. “टोपली झाडून.”

*

डोहाळजेवणाला तीस-पस्तीस बाया आल्या. अंगणात झोपाळा टांगला होता आणि त्याच्या दोरांना मी स्वतः पहाटे गुलछडीच्या माळा गुंडाळल्या होत्या. उरल्यासुरल्या वाफ्यातली शेवटची फुलं. वास अंगणभर गच्च भरला होता. अक्का हिरव्या लुगड्यात, हिरव्या चोळीत, कपाळावर मळवट. झोपाळ्यावर बसली तेव्हा सगळ्यांनी हसून तिला झोका दिला, आणि म्हातारी तानूआजी खड्या आवाजात गाऊ लागली.

“जाऊ माझी भारावली, पाय टाकिते जपून,
वाटंवरचा गं काटा कुणी काढावा शोधून.”

बाया टाळ्या वाजवत होत्या. मी खांबाला टेकून उभी होते.

“सगुणे!” अक्कानं झोपाळ्यावरून हाक मारली. “तिथं खांब धरून काय उभी? माझी कणगी तूच आण. पहिली तुझ्या हातची खाणार मी.”

“बघा, बघा,” कुणीतरी म्हणालं, “जावा-जावांचं गूळपीठ! आमच्यात तर चूल पेटली की दोघी पेटतात.”

हशा झाला. आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. मी त्यांच्या जवळून आत जाताना त्यांनी माझं मनगट धरलं.

“सगुणा.”

“जी?”

“काय बोलायचं हाय?”

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मागून गाण्याचा आवाज येत होता. मला आठवतं, त्यांचा दुसरा हात पुन्हा कमरेवर होता आणि बोटं निऱ्यांवर घट्ट मिटलेली होती. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी मनगट सोडलं.

पातेलं जड होतं. वाफ तोंडावर येत होती, गोडसर, मातकट. दोन्ही फडकी धरून मी ते उचललं आणि अंगणात आले. झोपाळा माझ्याकडं येत होता, दूर जात होता. अक्कानं ओंजळ पुढं केली होती, लहान मुलीसारखी. तिच्या पायाशी तानूआजीची नात बसली होती, तीन-साडेतीन वर्षांची, तीही तोंड वासून बघत होती.

चार पावलं उरली होती. तीन. मला वाटत होतं की माझ्या तोंडातून आता आवाज निघेल. निघाला नाही. हात मात्र माझ्या आधी बोलले.

मी पातेलं उपडं केलं.

पाय अडखळला, असं म्हणता आलं असतं. मी तसं म्हणणारही होते. पण कणग्या अंगणभर पसरल्या, वाफाळत, आणि ती पोर हसत पुढं सरली आणि तिनं एक उचलली. मी तिच्या हातावर चापट मारली. कणगी उडाली. पोरीनं भोकाड पसरलं. मग दुसऱ्या बायका वेचायला वाकल्या, धुऊन घेऊ म्हणू लागल्या, आणि मी त्या उकडलेल्या कणग्यांवर उभी राहिले आणि तुडवू लागले. अनवाणी. एकेक. जी दिसेल ती. लगदा बोटांमधून वर येत होता, तळवे भाजत होते, आणि मी थांबत नव्हते.

गाणं थांबलं होतं. झोपाळा अजून थोडा हलत होता.

कुणीतरी मला मागून धरलं. मी वर पाहिलं. मंजुळाअक्का झोपाळ्यावरून उतरली होती. तिची ओंजळ अजून तशीच होती, रिकामी.

“का गं?” ती म्हणाली. ओरडली नाही. “मी तुझं काय घेतलं होतं?”

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडलं होतं, जणू शब्द ओठांवर आला होता. सगळं अंगण त्यांच्याकडं बघत होतं. त्यांनी तोंड मिटलं.

“सारवून घ्या,” त्या म्हणाल्या. “आणि पुरणाची ताटं आणा बाहेर.”

*

सव्वा महिन्यानं अक्का बाळंत झाली. दिवस पुरे भरले नव्हते. बाळ रडलं नाही. आत्याबाई खोलीबाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तुटलेला दोरा होता आणि तो त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

मग जे व्हायचं ते झालं. भरल्या ओटीसमोरचं पातेलं जिनं उलटलं, तिनं ओटी उलटली, असं गावानं म्हटलं. अक्कानं एकदाही म्हटलं नाही. तिनं फक्त चूल वेगळी मांडली. पडवीच्या मधोमध कुडाची भिंत आली. दोन वर्षांनी तिला हणमंत झाला, मग एक मुलगी. मी कधी त्यांना न्हाऊ घातलं नाही. तिनं मला घालू दिलं नसतं आणि मी विचारलं नसतं. गुलछडीचे गड्डे सोडवायची पाळी आली की मी निम्मे कंद टोपलीत घालून कुडाजवळ ठेवायची. पावसाळा आला तरी ते तिथंच असायचे, कुजून काळे.

आपण विषाचं पातेलं उलटलं, तीस बाया आणि एक लेकरू वाचवलं, एवढ्याच आधारावर मी जगले. त्या बाळाचा विचार आला की हाच आधार धरायची. पण हे कुणाला सांगायचं म्हणजे आधी, विष मी ठेवलं, हे सांगायला हवं. तळव्यांना फोड येऊन गेले, त्यांचे पांढरे डाग राहिले. आत्याबाईंनी पुढं कधी मला त्या दिवसाबद्दल विचारलं नाही. त्यांनी कळलावीही पुन्हा माझ्या हाताला लागू दिली नाही. फक्त दरवर्षी मार्गशीर्षात, मी कुंपणाकडं बघत असले की म्हणायच्या, “थोरला कंद एका फाट्यावर जगतोय बघ अजून.” मला वाटायचं, टोमणा आहे.

*

अशी पंचवीस वर्षं गेली. आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. कमरेखालचं अंग गेलं होतं, बोलणं मात्र शाबूत. त्यांचं अंथरूण माझ्याकडच्या पडवीत होतं. मार्गशीर्ष होता, उन्हं पायरीवर आली होती. मी त्यांच्या समोर गुलछडीचे गड्डे सोडवत बसले होते. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मी गात नव्हते, कंद एकमेकांपासून सुटतात तो आवाज त्या ऐकत होत्या.

कुडाच्या पलीकडून मंजुळाअक्का आली. उंबऱ्याबाहेरच थांबली. केस पिकले होते. माझ्याकडं न बघता म्हणाली, “आत्याबाई, हणमंताच्या बायकोचं डोहाळजेवण धरलंय. येत्या सोमवारी. तुमाला खाटंसकट उचलून नेऊ.”

“बरं झालं. आन् सगुणा?”

अक्कानं पदर सारखा केला. मग म्हणाली, “तुमी जाणता, आत्याबाई. मला परत त्या वाटंनं न्हाई जायचं. पोरगी भितीय. गावानं तिच्या कानात घातलंय.”

“मी येत न्हाई, अक्का,” मी खाली बघूनच म्हणाले. “फुलं तेवढी पाठवीन. नको असली तर तीबी न्हाई.”

“मंजुळे,” आत्याबाई म्हणाल्या, “आत ये. बस.”

“काम हाय.”

“सुईण बोलतीय. बस म्हणते ना.”

अक्का आत आली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी एका गड्ड्यांच्या राशीच्या दोन बाजूंना बसलो. आत्याबाईंनी उशाखालून पानाची चंची काढली. सुपारी, चुन्याची डबी, सगळं काढून बाजूला ठेवलं. सगळ्यांत आतल्या कप्प्यातून एक लुगड्याची चिंधी निघाली, गाठ मारलेली. ती गाठ त्यांना सुटेना. अक्कानं हात पुढं केला आणि सोडली.

आत बोटभर लाकडासारखं काहीतरी होतं. वाळलेलं, सुरकुतलेलं, काळपट. राख अजून त्याच्या भेगांत होती.

मी ओळखलं. माझ्या तळहाताला त्याचं ओलेपण आठवलं.

“हे काय?” अक्का म्हणाली.

“कळलावी. थोरल्याचं टोक. हिच्या हातनं मोडलं. पोर भ्याली, राखंत लपवलं. कणगीत.”

अक्काची मान माझ्याकडं वळली. फार सावकाश वळली. मी डोळे मिटले.

“माझ्याकडं बघ, तिच्याकडं नगं,” आत्याबाई म्हणाल्या. आवाज चिरका झाला होता, तरी थांबल्या नाहीत. “तिला वाटलं पातेल्यात विख हाय. तुझ्या ओंजळीत पडायचं म्हणून पातेलं उलटलं, पोरीनं उचललं म्हणून तुडवलं. पाय भाजून घेतलं. तोंड उघडलं असतं तर हिला घराबाहेर काढली असती. न्हाई उघडलं, तर तू आन् गावानं काढली.”

“म्हंजे... विख...” अक्कानं तुकड्याकडं बोट केलं.

“न्हवतं.”

पडवीत नुसती उन्हं होती. एका गड्ड्यावरची माती सुटून खाली पडली, तेवढाच आवाज झाला.

“ही छपरीत बसली त्याच सांजंला म्या तांबडे कंद मोजले. थोरल्याचं टोक न्हवतं. राख चाळली, तुकडा घावला. म्हणलं, बघू, पोर आपणहून सांगती का. दोनदा इचारलं. तिसऱ्यांदा उंबऱ्यात हात धरला. मग तिनं पातेलं उलटलं, आन् मला वाटलं आत्ता सांगावं.” आत्याबाईंनी श्वास घेतला. “सांगितलं असतं तर लोकांनी म्हणलं असतं, सुईणीच्या घरात इख आन् अन्न एका टोपलीत असतं. चार वाड्यांतली एक बाई मला हात लावू देती ना. म्हणलं, उद्या सांगू. मग तुझं बाळ गेलं. मग कोणत्या तोंडानं सांगू?”

त्यांनी तो वाळलेला तुकडा अक्काच्या हातातून घेतला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्याला वजनच नव्हतं.

“ही पातेलं घेऊन माझ्या समोरून गेली ना, सगुणा... मंजुळे, तूबी ऐक... तवा हा तुकडा माझ्या कनवटीला हुता.”